नसलेली खूण

नियमकाकांचं खरं नाव फक्त ऑफिसच्या हजेरीपटावर उरलं होतं. आधी शाळेतली पोरं त्यांना नियमकाका म्हणायला लागली, मग पोरांच्या आया, मग कोर्टातले शिपाई, आणि आता तर नवे वकीलही दारातून डोकावून विचारत, ‘नियमकाका, आमची तारीख बघता का जरा?’ हे नाव आपल्याला आवडतं असं ते कधी म्हणाले नाहीत. पण कुणी खऱ्या नावाने हाक मारली तर ते चटकन वळत नसत, यावरून काय ते समजावं.

कोर्टात ते कारकून होते. न्यायाधीशांच्या उंच टेबलाखाली एक पायरी सोडून त्यांचं टेबल. पक्षकारांच्या नावांचा पुकारा द्यायचा, साक्षीदाराला शपथ द्यायची, जबानी झाली की ती वाचून दाखवून खाली सही घ्यायची, हे त्यांचं काम. बावीस वर्षांत त्यांनी इतक्या लोकांना खरं बोलण्याची शपथ दिली होती, की त्यातले निम्मे जरी खरं बोलले असते तरी कोर्ट केव्हाच बंद पडलं असतं. सुटीच्या दिवशी ते मैदानावर पंच असत. धावणं, गोळाफेक, उंच उडी, काहीही. पांढरी टोपी, पांढरे बूट, गळ्यात शिट्टी. त्यांच्या निकालावर कुणी हरकत घेतली की ते खिशातून नियमांची पुस्तिका काढत आणि हरकत घेणारा तिथेच गार होई.

वर्षातून एकदा, स्पर्धांच्या आधी, ते शाळेत जाऊन मुलांना निष्पक्षपणा शिकवत. भाषण ठरलेलं होतं. ‘समजा, न्यायाधीशांसमोर त्यांचा सख्खा भाचाच आरोपी म्हणून उभा राहिला. काय करतील ते?’ मागच्या बाकांवरून हमखास उत्तर येई, ‘सोडून देतील.’ पुढच्या बाकावरची एखादी शहाणी म्हणे, ‘उलट जास्त शिक्षा देतील, लोकांना दाखवायला.’ मग नियमकाका बोट वर करत. ‘दोन्ही चूक. ते तो खटला चालवणारच नाहीत. दुसऱ्या न्यायाधीशांकडे देतील. का? तर आपलं माणूस समोर असलं की हात हलतो. कधी त्याच्या बाजूला हलतो, कधी विरुद्ध बाजूला. पण हलतोच. खेळातही तेच. आपलं पोर मैदानात उतरलं की पंचाने शिट्टी दुसऱ्याच्या हातात द्यायची.’

इतकं स्वच्छ ज्याला सांगता येतं, त्याला ते करताही येत असेल, असं ऐकणाऱ्यांना वाटे. मुख्य म्हणजे नियमकाकांनाच तसं वाटे.

त्यांची मुलगी सातवीत होती. पाय लांबलचक, मान बारीक, चालण्यात सदा घाई, म्हणून घरात आणि मैदानात तिला सगळे टिटवी म्हणत. टिटवी लांब उडी मारायची आणि चांगली मारायची. पण नियमकाकांची मुलगी असण्याचे तोटे तिला उडीच्या कितीतरी आधी कळले होते. आत्याची मुलं आली की केकचा लहान तुकडा तिचा. कॅरममध्ये वाद झाला की चूक तिची. मैदानावर बाबा म्हणायचं नाही, इतर मुलींसारखं काका म्हणायचं, असाही नियम होता. तिची आई दातांच्या दवाखान्यात नावं लिहून घेण्याच्या टेबलावर बसे. दिवसभर इतरांच्या कळा ऐकून तिला कमी बोलायची सवय लागली होती. तरी ती एकदा म्हणाली होती, ‘अहो, घरात तरी तिचे वडील व्हा.’ त्यावर नियमकाका म्हणाले, ‘वडील आहे म्हणूनच.’ म्हणजे नेमकं काय, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

या वर्षीच्या स्पर्धेला वजन होतं. खेळाच्या निवासी शाळेत लांब उडीसाठी एका मुलीला जागा होती. एकच. जी पहिली येईल तिचं नाव जाणार. तिथे प्रशिक्षक, वसतिगृह, शिक्षण, सगळं. टिटवीने दोन वर्षं सकाळचं अंथरूण त्या एका जागेसाठी सोडलं होतं. तिच्या तोडीची एकच मुलगी होती, बेकरीवाल्याची. शांत, भरल्या अंगाची, हरली तरी हात मिळवून जाणारी.

लांब उडीला फळीवर बसायचे होते ते चित्रकलेचे सर. ऐन सकाळी त्यांची पाठ धरली आणि ते घरीच पालथे पडले. खेळाच्या बाईंनी मैदानात सांगितलं, ‘काका, मी बसते फळीवर. तुम्ही वाळूत टेप धरा. टिटवी आहे ना यात.’

नियमकाकांना हे लागलं. बाई बोलल्या ते त्यांच्याच भाषणातलं वाक्य होतं, आणि ते त्यांच्यावरच आलेलं त्यांना सोसेना. ‘बाई,’ ते म्हणाले, ‘माझ्यासाठी फळीवर सगळे पाय सारखे. नियम सामान्य माणसासाठी असतो.’ बाईंनी जास्त ताणलं नाही. ताणायला हवं होतं. पण बावीस वर्षांच्या कोर्टवाल्याला नियम कोण शिकवणार?

फळीवरच्या पंचाचं काम दिसायला सोपं असतं. उडी मारायची जागा म्हणजे जमिनीत बसवलेली पांढरी फळी. तिच्या पुढच्या कडेला मऊ मेणाची पट्टी. पाय कडेच्या पुढे गेला तर मेणावर बुटाची खूण उमटते. खूण उमटली तर लाल झेंडा, उडी बाद. नाही उमटली तर पांढरा झेंडा, मग उडी मोजायची. बाद उडी मोजतही नाहीत. आणि खेळाडूने मागितलं तर पंचाने खूण दाखवायची. ती दाखवल्यावरच पत्र्याच्या पट्टीने मेण पुन्हा सारखं करायचं.

शेवटच्या उडीपर्यंत बेकरीवाल्याची मुलगी चार बोटांनी पुढे होती. टिटवीची एक उडी उरली होती. ती धावायला उभी राहिली, आणि दोरीपलीकडच्या पालकांतून कुणीतरी, अगदी सहज, शेंगा सोलता सोलता बोललं, ‘बापच झेंडे घेऊन बसलाय. आता बघा कोण पहिलं येतं ते.’ दोघंतिघं हसले.

टिटवी धावली. पाय फळीवर पडला तो नियमकाकांनी हातभरावरून पाहिला. बुटाचं टोक कडेच्या आत होतं, एक बोट आत. मेण जसंच्या तसं. आणि उडी अशी पडली की वाळूतली पोरं आपोआप दोन पावलं मागे सरली. सगळ्यांत लांब उडीपाशी वाळूच्या कडेला रोवलेला खिळा तिने हातभर मागे टाकला होता.

नियमकाकांच्या उजव्या हातात पांढरा झेंडा होता, डाव्या हातात लाल. डावा हात वर गेला.

हात आपोआप उठला, असं पुढे ते स्वतःला सांगत राहिले. हात आपोआप उठत नसतो. दोरीपलीकडचं हसू त्यांच्या कानात होतं आणि पांढरा झेंडा उचलला तर ते जन्मभर कानात राहील, एवढा विचार त्या एका श्वासात पुरता झाला होता. आणि तो झेंडा खाली यायच्या आत त्यांनी उजव्या हातातला पांढरा झेंडा खाली टाकून पत्र्याची पट्टी उचलली आणि मेणावरून सर्रकन फिरवली. स्वच्छ मेण पुन्हा स्वच्छ केलं. खूण नव्हती, हे दाखवणारी एकच वस्तू तिथे होती, ती त्यांनी पुसली.

टिटवी वाळू झटकत आली. लाल झेंडा पाहून थबकली. ‘काका, खूण बघू.’

‘मेण सारखं केलं.’

‘दाखवायच्या आधी?’

‘सवयीने फिरला हात. खूण होती. चांगली बोटभर.’

तिने मेणाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. ‘मला वाटलं पाय आत पडला,’ ती म्हणाली. रडली नाही. बेकरीवाल्याच्या मुलीशी हात मिळवून बॅग आवरायला गेली. दोरीपलीकडचा तो शेंगांवाला बाप्या पुढे येऊन नियमकाकांचा हात दाबत म्हणाला, ‘मानलं तुम्हाला. माणूस असावा तर असा.’ आणि खोटं कशाला बोला, नियमकाकांना बरं वाटलं. पोरीच्या दोन वर्षांवर उभं राहून त्यांना बरं वाटलं.

सोमवारी खेळाच्या बाई कोर्टात येऊन गेल्या. आवाज खाली ठेवून म्हणाल्या, ‘मला लांबून तरी पाय आत दिसला होता, काका. माझ्या दिसण्याला काही अर्थ नाही. पण फळीवरच्या पंचाने स्वतः लिहून दिलं की चूक झाली, तर निकाल बदलता येतो. नाव पुढच्या सोमवारी जाणार. तोवर एक ओळ लिहून दिलीत तरी पुरे.’ नियमकाका म्हणाले, ‘चूक झालेली नाही.’ बाई गेल्या.

त्याच आठवड्यात शनिवारी मुलांचं न्यायालय होतं. हाही नियमकाकांचाच उपक्रम. सुटीच्या दिवशी खऱ्या कोर्टाच्या खोलीत मुलं न्यायाधीश होत, वकील होत, साक्षीदार होत. दर वर्षी खटला एकच असे, हरवलेल्या कंपासपेटीचा, आणि आरोपी दर वर्षी निर्दोष सुटे. पण या वर्षी न्यायाधीशबाई नव्या आल्या होत्या, उत्साही. त्या शाळेला म्हणाल्या, ‘लुटुपुटूचं नको. मुलांना स्वतःला ज्यात अन्याय वाटला असेल असं काहीतरी आणा.’ मुलांनी मतं टाकली. शुक्रवारी दुपारी कागद नियमकाकांच्या टेबलावर आला. त्यावर गोल, जपून काढलेल्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘लांब उडीचा निकाल. साक्षीदार: नियमकाका.’

ते न्यायाधीशबाईंकडे गेले. ‘मॅडम, हा विषय बरोबर नाही. माझीच मुलगी आहे.’

‘मग तर उत्तमच,’ बाई म्हणाल्या. ‘तुम्ही स्वतःच्या मुलीला बाद ठरवलंत, हे मला कालच कळलं. याहून चांगला धडा कुठून आणू?’

संध्याकाळी बायको वाळलेले कपडे घड्या करत होती. टिटवी अजून शाळेतून आली नव्हती. बायको घडी करता करताच म्हणाली, ‘एक विचारू? खूण होती?’

‘होती.’

‘मग रोज झोपेत हात कशावरून फिरवता?’

नियमकाकांनी हात पाठीमागे घेतले. बायकोने टिटवीचे मोजे एकात एक घातले. ‘उद्या पोरं विचारतील तुम्हाला,’ ती म्हणाली. ‘मोठ्यांना काय सांगायचं ते सांगा. पोरांसमोर तरी नीट बोला. नाव सोमवारी जातंय, अजून वेळ आहे.’

त्यांनीही हेच ठरवलं होतं, हे कुणाला खरं वाटणार नाही. सकाळी दाढी करताना ते वाक्य त्यांनी तोंडात घोळवून पाहिलं: ‘मेणावर खूण नव्हती. माझा हात हलला.’ सहा शब्द. कोर्टात जाईपर्यंत ते सहाच्या सहा शब्द त्यांच्याजवळ शाबूत होते.

कोर्टाची खोली भरली होती. उंच खुर्चीत पाचवीतली एक चष्मेवाली मुलगी बसली होती, तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. टिटवीची वकील म्हणजे तिच्या वर्गातली बडबडी, जी एरवी तास चालू असताना बोलते म्हणून बाहेर उभी असे. मागच्या बाकांवर शिक्षक, पालक, चार वकील, दोन शिपाई. शेंगांवाला बाप्याही होता. खऱ्या न्यायाधीशबाई बाजूला साध्या खुर्चीवर बसल्या होत्या. नियमकाका साक्षीदाराच्या पिंजऱ्यात चढले. बावीस वर्षं ज्या लाकडी कठड्याकडे ते समोरून पाहत आले होते, तो आतून पाहिला तर वरची कड हातांच्या घामाने काळी पडली होती.

त्यांच्या टेबलापाशी उभ्या असलेल्या एका मुलीने त्यांना शपथ दिली. खरं सांगेन, खरं तेच सांगेन. त्यांनी म्हटलं.

बडबडी पुढे आली. ‘काका, मेणावर खूण होती का?’

एवढंच. दुसरा प्रश्नच नव्हता खरं तर. नियमकाकांनी टिटवीकडे पाहिलं. ती पहिल्या बाकावर, हात मांडीखाली घालून बसली होती आणि त्यांच्याकडे बघत होती. रागाने नाही. शाळेत ती फळ्याकडे बघे तसं, काय लिहिलंय ते नीट कळावं म्हणून. मग त्यांनी खोलीकडे पाहिलं. शिपाई पाहिले, वकील पाहिले, न्यायाधीशबाईंचा कौतुकाने किंचित कललेला चेहरा पाहिला. ही सगळी माणसं सोमवारपासून त्यांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारतील, असं त्यांना वाटून गेलं.

‘होती,’ नियमकाका म्हणाले.

‘मग दाखवायच्या आधी पुसली का?’

‘चुकलं. तेवढी माझी चूक आहे, मी मान्य करतो.’

आणि लहान चूक मान्य केली की मोठी आपोआप झाकली जाते, हे कोर्टात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला कुणी सांगावं लागत नाही. खोलीतून पसंतीची कुजबुज झाली.

टिटवीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, ‘मला वाटलं होतं आत आहे. पण पळताना खाली बघता येत नाही.’ बेकरीवाल्याची मुलगी म्हणाली, ‘मला दिसलं नाही. मी माझ्या बुटाची नाडी बांधत होते.’ बाकी कुणी साक्षीदार नव्हता. खेळाच्या बाई मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या, त्यांना कुणी बोलावलं नाही.

चष्मेवालीने पाच मिनिटं मागितली. वहीत काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. मग उभी राहून वाचलं.

‘खेळाडू म्हणते पाय आत होता. पण तसं म्हणण्यात तिचा फायदा आहे, म्हणून आपण जपून ऐकलं पाहिजे. पंच म्हणतात खूण होती. तसं म्हणण्यात त्यांचा काहीच फायदा नाही. उलट तोटा आहे, कारण ती त्यांची स्वतःची मुलगी आहे. कुणाचेही बाबा स्वतःच्या मुलीच्या विरुद्ध खोटं बोलत नाहीत. म्हणून पंच खरं बोलतात. निकाल बरोबर आहे. पंचांनी इथून पुढे खूण दाखवल्याशिवाय पुसू नये.’

न्यायाधीशबाईंनी सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या. ‘इतकं चोख कारण मोठेसुद्धा देत नाहीत,’ त्या म्हणाल्या. मग मुलांकडे वळून नियमकाकांकडे हात केला. ‘आणि निष्पक्षपणा म्हणजे काय असं कुणी विचारलं, तर यांना आठवा.’ मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्यात टिटवीही होती. टेबलापाशी उभ्या असलेल्या मुलीने नियमकाकांना त्यांची जबानी वाचून दाखवली आणि खाली बोट ठेवलं. त्यांनी सही केली. सही नेहमीसारखीच आली, एक रेघही वाकडी गेली नाही.

सोमवारी बेकरीवाल्याच्या मुलीचं नाव गेलं.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी टिटवी बूट घालून दारात उभी राहिली. ‘बाबा, मैदानावर येता? टेपचं एक टोक धरायला कुणीतरी लागेल.’

आठवडाभर घरात ती नीट जेवत होती, नीट बोलत होती, आणि नियमकाका त्यामुळे घाबरले होते. ती रागावली असती तर त्यांना सोपं गेलं असतं. ते मुकाट्याने निघाले.

मैदान रिकामं होतं. पळायला सुरुवात करायची तिची एक ठरलेली जागा होती, फळीपासून अमुक इतकं लांब. तिथून पळालं की शेवटचं पाऊल बरोब्बर फळीवर पडायचं. दोन वर्षं घासून घासून तिने ती जागा पक्की केली होती, तिथे जमिनीत एक लहान खुंटी ठोकलेली होती. टिटवी वाकली, दोन्ही हातांनी हलवून हलवून तिने ती खुंटी उपटली.

‘हे काय करतेस?’

‘मागे घेतेय. एक फूट.’

‘का?’

‘पाय पुढे जातो ना माझा.’ ती खुंटीची माती झटकत होती. ‘मला आपलं वाटायचं, मला कळतं पाय कुठे पडतो ते. मी सगळ्यांना सांगत पण होते. आईला, बाईंना, सगळ्या वर्गाला. मग त्या दिवशी कोर्टात ती चष्मेवाली म्हणाली ना, तेव्हा मला पटलं. तुम्ही कशाला खोटं बोलाल माझ्याशी? म्हणजे मलाच कळत नाही. मग आता मला जे वाटेल त्याच्यापेक्षा मागे राहायचं. धरा हे.’

तिने टेपचं टोक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी धरलं. सहा शब्द होते, ऐकायला एकच माणूस होतं, दोरीपलीकडे कुणीसुद्धा नव्हतं. नियमकाकांनी तोंड उघडलं. पण आता ते सांगायचं म्हणजे झेंड्याचं सांगावं लागणार, मग शपथेचं, मग गेलेल्या सोमवारचं. त्यांनी घसा खाकरला आणि टेप ताणून धरली.

तिने खुंटी नव्या जागी ठोकली. तिथे जाऊन उभी राहिली, पळाली. पाय पडला तो फळीच्या पार मागे, नुसत्या मातीत. उडी वाळूत जेमतेम शिरली. मोजमाप फळीच्या कडेपासून होतं, तेव्हा मागे राहिलेली ती सगळी जागा फुकट गेली. बेकरीवाल्याच्या मुलीने ही उडी शाळेच्या बुटांनी मारली असती.

टिटवी धापा टाकत परत आली. वाळूकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. ‘बाबा, फळी बघा. पुढे तर नाही ना गेला?’

‘नाही,’ नियमकाका म्हणाले. ‘बरोबर आहे.’

‘नक्की?’

‘नक्की.’

ती पुन्हा खुंटीपाशी गेली, वाकून बघत राहिली. मग तिथूनच म्हणाली, ‘अजून चार बोटं मागे घेऊ या का? म्हणजे तुम्हाला पुन्हा लाल झेंडा दाखवावा लागायला नको.’

नियमकाका टेपचं टोक हातात धरून उभे होते. ती त्यांच्या उत्तरासाठी थांबली होती.

‘घे,’ ते म्हणाले.